तेजसचं घोडं इंजिनापाशीच पेंड का खातं? धागा जातो बिदर, दाबोळी आणि थेट इजिप्तपर्यंत

नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथंच जुळवलेलं पहिलं तेजस मार्क-१ए हवेत झेपावलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह हजर होते, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्याआधी तीनच आठवडे, २६ सप्टेंबरला, चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप देण्यात आला होता. ओझरचा कारखाना मुळात उभा राहिला तो याच मिगसाठी. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी तेव्हाची वाटणी होती. त्यामुळे मिग गेलं आणि तेजस आलं, हा नाशिककरांसाठी नुसता सरकारी कार्यक्रम नव्हता.

पण टाळ्या थांबल्यावर प्रश्न उरला तो जुनाच. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. पहिलं विमान हवाई दलाच्या हाती मार्च २०२४ पर्यंत पडायचं होतं. प्रत्यक्षात या विमानांसाठी मागवलेल्या ९९ अमेरिकन एफ-४०४ इंजिनांपैकी पहिलं इंजिनच जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं मार्च २०२५ मध्ये दिलं. उशिराला रडार, क्षेपणास्त्रं आणि सॉफ्टवेअर यांच्या जुळणीचाही हातभार लागला, हे मान्य. तरीही विमानाचा सांगाडा तयार आणि आत बसवायला इंजिन नाही, ही स्थिती कुठल्याही कारखान्याला लाजवणारीच. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची मागणी नोंदवली गेली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासाठी ११३ इंजिनांचा करार त्याच अमेरिकन कंपनीशी झाला. (त्याच महिन्यात दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून वैमानिकाचा जीव गेला. त्याचा इंजिनांच्या या टंचाईशी संबंध जोडण्याची घाई कुणी करू नये.)

हे दुखणं तेजसचं एकट्याचं नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बेंगळुरूत तयार झालेल्या दुसऱ्या एका विमानाचं घोडं नेमकं इथंच अडलं होतं. त्या विमानाच्या आणि त्याच्या इंजिनाच्या मागे लागलं की लढाऊ आणि प्रायोगिक विमानांचं एक विलक्षण गोतावळं समोर येतं. त्यातली काही मंडळी तर बिदर आणि गोव्याच्या लोकांनी रोज डोक्यावरून जाताना पाहिली आहेत.

एका छोट्या इंजिनाची मोठी भावकी

इंजिनाचं नाव ऑर्फियस. इंग्लंडच्या ब्रिस्टल कंपनीत स्टॅनली हूकर यांच्या हाताखाली ते पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला तयार झालं. वजन चारशे किलोच्या आसपास, रेटा सव्वादोन टनांच्या घरात. आतली रचना साधी: सात टप्प्यांचा कॉम्प्रेसर, एकच टर्बाइन, आणि दोघांना जोडणारा जाड पण पोकळ दांडा, तोही फक्त दोन बेअरिंगांवर तोललेला. भाग कमी, म्हणून किंमत कमी आणि दुरुस्ती सोपी. ‘नाटो’ला त्या काळी हलकं, स्वस्त लढाऊ विमान हवं होतं. त्यासाठीच्या एका अमेरिकन निधीतून या इंजिनाच्या विकासाचा तीन चतुर्थांश खर्च निघाला.

या इंजिनाभोवती इंग्लंडात बेतलं गेलेलं विमान म्हणजे नॅट. ब्रिटिश हवाई दलानं ते फक्त प्रशिक्षणासाठी घेतलं. भारतानं मात्र लढाऊ म्हणून घेतलं, बेंगळुरूत परवान्याखाली बांधलं, इंजिनही तिथंच तयार होऊ लागलं. १९६५ च्या युद्धात या चिमुकल्या विमानाला ‘सेबर स्लेअर’ म्हणजे सेबरचा कर्दनकाळ हे नाव मिळालं. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. पुढची फारशी नाही.

नॅट परवान्याखाली बांधत असतानाच भारतानं स्वतःचं लढाऊ विमान करायचं ठरवलं आणि त्यासाठी १९५६ मध्ये जर्मन अभियंते कुर्ट टांक बेंगळुरूला आले. दुसऱ्या महायुद्धात गाजलेलं फोक-वुल्फ १९० हे त्यांचंच विमान. युद्ध हरल्यावर टांक आपल्या माणसांसह अर्जेंटिनाला गेले. तिथं पेरॉन यांच्यासाठी त्यांनी ‘पुल्की-२’ नावाचं जेट केलं. त्याची कल्पना जर्मनीत कागदावरच राहिलेल्या टा-१८३ वरून घेतलेली. १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता गेली आणि टांक यांचा मुक्काम भारतात हलला. एका देशात अर्धवट राहिलेला प्रयोग दुसऱ्या देशात पुन्हा मांडायचा, असं त्यांचं आयुष्यच झालं होतं.

बेंगळुरूत त्यांनी आधी लाकडाचं पूर्ण आकाराचं ग्लायडर केलं, एक्स-२४१. इंजिन नाही, डाकोटा विमानानं ओढून वर न्यायचं आणि सोडायचं. १९५९ पासून त्याची सत्तरहून अधिक उड्डाणं झाली आणि आकाराचे गुणदोष कळले. मग १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी एचएफ-२४, म्हणजे मरुत, हवेत नेलं. पाच वर्षांत, ज्या देशात तोवर असा एकही प्रकल्प झाला नव्हता तिथं, ही कामगिरी लहान नव्हती.

मरुतचा आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा. त्याला आफ्टरबर्नरवालं वाढीव ऑर्फियस लागणार होतं, बीओआर-१२ नावाचं, साडेतीन टनांहून जास्त रेट्याचं. पण नाटोनं हलक्या विमानासाठी निवडलेल्या इटालियन फियाटला त्या वाढीव इंजिनाची गरज नव्हती. मग त्याचा विकास करायचा कुणासाठी? उरलेला खर्च भारतानं उचलावा, असं इंग्लंडकडून सांगण्यात आलं. दिल्लीनं नकार दिला. मरुतला नॅटचंच साधं ऑर्फियस बसवलं गेलं, एकाच्या जागी दोन. निळ्या आकाशात ते दिमाखदार दिसायचं, पण वेग जेमतेम ध्वनीच्या आसपास. घोड्याच्या अंगाला खेचराचे पाय.

सोव्हिएत इंजिनं बसवून पाहण्याचा विचार झाला, तोही तडीस गेला नाही. तेवढ्यात १९६२ मध्ये मिग-२१ चा करार झाला. पाकिस्तानला मिळालेलं अमेरिकन एफ-१०४ हे त्याचं मोठं कारण, पण मरुत वेळेत ध्वनीचा वेग ओलांडू शकत नव्हतं हेही होतंच. म्हणजे ओझरला मिगचा कारखाना येण्यामागच्या कारणांत मरुतला न मिळालेलं एक इंजिनही आहे.

हेलवानचा सौदा

कैरोजवळ हेलवानला याच वेळी दुसरा एक जर्मन दुसरं एक विमान करत होता. विली मेसरश्मिट यांनी स्पेनमध्ये सुरू केलेला एचए-३०० हा प्रकल्प १९६० च्या सुमारास इजिप्तनं घेतला. नासर यांना स्वतःचं सुपरसॉनिक विमान हवं होतं. इंजिनासाठी त्यांनी बोलावलं ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड ब्रांडनर यांना. दोन्ही देशांची अडचण एकमेकांना पुरवणी ठरणारी होती. इजिप्तकडे इंजिन घडत होतं, ते उडवून पाहायला विमान नव्हतं. भारताकडे विमान होतं, त्याला इंजिन नव्हतं.

मग देवाणघेवाण झाली. एचए-३०० चं पहिलं उड्डाण ७ मार्च १९६४ रोजी झालं ते भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांच्या हातून. त्या विमानात तात्पुरतं बसवलेलं इंजिन कुठलं? ऑर्फियसच. पुढे भारतानं एक मरुत इजिप्तला नेलं, त्यातलं एक ऑर्फियस काढून त्या जागी ब्रांडनर यांचं ई-३०० बसवलं आणि १९६७ मध्ये हेलवानवर त्याची उड्डाणं झाली. एका बाजूला खात्रीचं जुनं इंजिन, दुसऱ्या बाजूला नवं. नवं बंद पडलं तर जुन्यावर परत यायचं. इंजिनाची हवाई चाचणी अशीच करतात आणि त्या काळात ती करायला भारताचं विमान उपयोगी पडत होतं, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. ई-३०० जमलं असतं तर मरुतला ते मिळालं असतं. पण जून १९६७ मध्ये इजिप्त युद्ध हरलं, तिजोरी रिकामी झाली आणि १९६९ मध्ये सगळा प्रकल्प गुंडाळला गेला. एचए-३०० चं पहिलं विमान आता म्युनिकजवळच्या संग्रहालयात आहे.

ब्रांडनर यांच्याबद्दल आणखी एक. महायुद्धानंतर ते रशियनांच्या कैदेत होते. कुइबिशेव इथं जर्मन-ऑस्ट्रियन अभियंत्यांकडून एक प्रचंड टर्बोप्रॉप इंजिन करवून घेण्यात आलं, त्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. तेच पुढे एनके-१२ झालं. या इंजिनावर टीयू-९५ बॉम्बर उडालं आणि त्याचाच सागरी अवतार टीयू-१४२ भारतीय नौदलात १९८८ मध्ये दाखल झाला, तो दाबोळीला. एकमेकांच्या उलट फिरणारे दुहेरी पंखे असलेलं, घरघर करत जाणारं ते अजस्र विमान वास्कोच्या परिसरातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. १९९२ मध्ये ते तामिळनाडूतल्या अरक्कोणमला हललं. मरुतला ज्या माणसाचं इंजिन मिळता मिळता राहिलं, त्याच्या आधीच्या कामाचा आवाज अशा रीतीनं वीस वर्षांनी गोव्यात ऐकू आला.

इकडे बेंगळुरूत प्रयत्न थांबले नव्हते. गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंट म्हणजे जीटीआरई या सरकारी संस्थेनं ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडून पाहिला. १० जानेवारी १९७० रोजी तसं विमान घेऊन निघालेले ग्रुप कॅप्टन सुरंजन दास उड्डाणानंतर लगेचच झालेल्या अपघातात गेले. मरुत पहिल्यांदा हवेत नेणारा माणूस मरुतमध्येच गेला. बेंगळुरूत एचएएलजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या किती जणांना ते कोण हे माहीत असेल, कोण जाणे. मरुतनं १९७१ च्या युद्धात जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करताना आपलं काम चोख केलं. एकूण १४७ विमानं झाली आणि १९९० च्या सुमारास ती निवृत्त झाली.

नाकारलेल्या इंजिनाचा चुलतभाऊ गोव्यात

आता या गोष्टीतली सर्वांत बोचरी बाजू. दिल्लीत वाढीव ऑर्फियसच्या खर्चावरून नकारघंटा वाजत होती, जवळपास त्याच काळात ब्रिस्टलमध्ये याच इंजिनाचं दुसरं काहीतरी होत होतं. मिशेल विबो या फ्रेंच अभियंत्यानं १९५६ मध्ये जागच्या जागी वर उठणाऱ्या लढाऊ विमानाची कल्पना मांडली होती. हूकर यांच्या हाताखालच्या गॉर्डन लुइस यांनी ती सोपी केली. ऑर्फियसचा गाभा घ्यायचा, ऑलिंपस या दुसऱ्या इंजिनाच्या कॉम्प्रेसरचे पुढचे टप्पे पंखा म्हणून पुढं लावायचे आणि जोरानं बाहेर पडणारी हवा वळवता येणाऱ्या नॉझलांतून खाली सोडायची. पंखा आणि गाभा एकमेकांच्या उलट फिरवले, म्हणजे भोवऱ्यासारखा ओढा उरत नाही; जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर लटकलेल्या विमानात तो ओढा जीवघेणा ठरला असता. हे इंजिन म्हणजे पेगॅसस. (ऑलिंपसची भावकीही थोर आहे. वल्कन बॉम्बरपासून कॉनकॉर्डपर्यंत.)

पैसा? पुन्हा त्याच अमेरिकन निधीचा, पुन्हा तीन चतुर्थांश. या इंजिनाभोवती हॉकर कंपनीनं पी-११२७ हे प्रायोगिक विमान केलं. ऑक्टोबर १९६० मध्ये दोरखंडांनी जमिनीला बांधून ते पहिल्यांदा अधांतरी उचललं गेलं. त्याचं पुढे हॅरियर झालं, आणि नौदलासाठी सी हॅरियर. १९७२ मध्ये हॅरियरचं प्रात्यक्षिक भारताच्या आयएनएस विक्रांतवर झालं. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर उतरली आणि मे २०१६ पर्यंत तिथंच होती. बत्तीस वर्षांहून जास्त. तोवर पेगॅससचा रेटा सुरुवातीच्या चार टनांवरून पावणेदहा टनांपर्यंत गेला होता. मूळ ऑर्फियसचा सुटा भाग त्यात उरला नव्हता, पण वंश तोच.

बीओआर-१२ आणि पेगॅसस ही वेगळी इंजिनं, हे खरं. भारतानं तेव्हा पैसे दिले असते तर हॅरियर आपलं झालं असतं, असला दावा कुणी करू नये. मुद्दा इतकाच की एका चांगल्या गाभ्यात किती पिढ्या दडलेल्या असतात हे ज्यांनी ओळखलं त्यांनी त्यावर पैसा लावला. ज्या देशात तो गाभा रोज कारखान्यात तयार होत होता, त्या देशानं त्याची वाढ दुसऱ्यावर सोडली आणि शेवटी त्याच्याच भावकीतलं इंजिन विमानासकट विकत घेतलं.

बेंगळुरूच्या ऑर्फियसचं पुढे काय झालं, ते बिदरकरांनी पाहिलं आहे. किरण मार्क-२ या प्रशिक्षण विमानाला तेच बसलं. १९९६ मध्ये बिदरच्या तळावर उभ्या राहिलेल्या ‘सूर्यकिरण’ पथकाची ती लाल-पांढरी विमानं याच इंजिनावर आकाशात गिरक्या घेत. गोव्यातलं नौदलाचं ‘सागर पवन’ पथकही किरणचंच. नाटोच्या हलक्या लढाऊ विमानासाठी घडलेलं इंजिन अर्धशतकानंतरही बिदरच्या शाळकरी मुलांना माना वर करायला लावत होतं.

एफ-४०४ ची कुंडली

तेजस ज्याच्यासाठी थांबलंय त्या एफ-४०४ ची कहाणी पाहिली तर चेहरे बदलतात, रीत तीच दिसते. अमेरिकन हवाई दलाच्या स्पर्धेत एफ-१६ कडून हरलेल्या वायएफ-१७ या विमानाचं वायजे-१०१ इंजिन हे त्याचं मूळ. हरलेलं विमान नौदलानं वाढवून एफ-१८ म्हणून घेतलं, त्याबरोबर इंजिनही वाढलं. मग ते जिथं तिथं दिसू लागलं. १९८१ मध्ये गुपचूप उडालेल्या एफ-११७ या रडारला चकवणाऱ्या विमानात ते आफ्टरबर्नर काढून बसवलं. १९८४ मध्ये उडालेल्या एक्स-२९ मध्येही तेच. पुढच्या बाजूला वळलेल्या पंखांचं हे प्रायोगिक विमान म्हणजे अक्षरशः गोधडी होती: नाकाकडचा भाग जुन्या एफ-५ चा, चाकं एफ-१६ ची, इंजिन एफ-१८ चं. नंतरचं एक्स-३१ हेही एफ-४०४ वर उडालं, आणि ते करण्यात भागीदार होती जर्मनीची एमबीबी, म्हणजे हेलवानला गेलेल्या त्याच मेसरश्मिट यांच्या कंपनीची वारसदार.

ही गोधडी गरिबीची नव्हे, शहाणपणाची. प्रयोग पंखांचा असेल तर इंजिन, चाकं, कॉकपिट सगळं पारखलेलं घ्यायचं. एका वेळी एकच अनोळखी गोष्ट. भारतात नेमकं उलट झालं. मरुतच्या वेळी विमान नवं आणि इंजिनही अजून व्हायचं. तेजसच्या वेळी विमान नवं, संगणकी उड्डाणनियंत्रण नवं, आणि वर कावेरी हे स्वदेशी इंजिनही नवंच.

नियंत्रणाच्या बाबतीत तेजसच्या चमूनं ही चूक टाळली. तेजस उडण्याच्या साडेचार वर्षं आधी, जुलै १९९६ मध्ये, त्याचे उड्डाणनियम अमेरिकेत व्हिस्टा नावाच्या प्रायोगिक एफ-१६ वर घालून तपासले गेले. हे विमान दुसऱ्या विमानाची नक्कल करू शकतं. पोखरणनंतर १९९८ मध्ये निर्बंध आले, भारतीय अभियंत्यांना परत यावं लागलं, पण तोवर मिळालेला धडा कामाला आला. ४ जानेवारी २००१ च्या पहिल्या उड्डाणापासून तेजसची ती बाजू भक्कम राहिली. व्हिस्टा आता एक्स-६२ए या नावानं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वैमानिकाला उडायला शिकवतं. दाबोळीतही असंच पायरीपायरीनं काम झालं: तेजसच्या नौदल आवृत्तीनं आधी जमिनीवर बांधलेल्या उताराच्या धावपट्टीवरून उड्डाण केलं, सप्टेंबर २०१९ मध्ये तिथंच तारेला अडकून थांबायचं जमवलं आणि जानेवारी २०२० मध्ये आयएनएस विक्रमादित्यवर उतरली.

इंजिनाला मात्र अशी पायरी मिळाली नाही. जीटीआरईचा कावेरी प्रकल्प १९८९ चा. हवा होता ८१ किलोन्यूटन रेटा, गाडी सत्तरीच्या आसपास अडली आणि २००८ मध्ये तेजसपासून कावेरीची फारकत झाली. अडचण कुठली? टर्बाइनच्या पात्यांभोवतीचा वायू त्या पात्याच्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षाही गरम असतो. ती तगतात ती एकसंध स्फटिक म्हणून ओतल्यामुळे आणि आतून केसाएवढ्या वाटांनी हवा खेळवल्यामुळे. ही विद्या ज्यांच्याकडे आहे ते ती विकत नाहीत. बेळगावजवळच्या हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये फोर्जिंग आणि मशिनिंगचं काम जागतिक कंपन्यांच्या पसंतीला उतरतं. म्हणजे हात आणि यंत्रं इथं कमी नाहीत. कमी आहे ती त्या गरम भागावर वीस-पंचवीस वर्षं सलग पैसा ओतण्याची तयारी.

पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी १२० किलोन्यूटनचं इंजिन फ्रान्सच्या साफ्रानबरोबर करायचं, असं २०२५ मध्ये ठरलं आहे. त्याचा गाभा कुणाच्या मालकीचा राहील यावर सगळं अवलंबून. दरम्यान कावेरी मेलेलं नाही. आफ्टरबर्नर काढलेली त्याची आवृत्ती ‘घातक’ या मानवरहित विमानासाठी तयार होते आहे. एफ-४०४ चं एफ-११७ मध्ये जे झालं, तेच. फक्त हवाई चाचणीसाठी भारताकडे आजही स्वतःचं विमान नाही. २०१० मध्ये कावेरी मॉस्कोजवळ इल्युशिन-७६ च्या पंखाखाली टांगून उडवलं गेलं, आणि या नव्या आवृत्तीलाही त्यासाठी रशियाचीच वाट धरावी लागली आहे.